बुडून मेलेला मासा



पाण्यात माणूस बुडतो, गुरेढोरे बुडतात, भरलेली नाव बुडते. पण मासा पाण्यात बुडून मेला असे कोणी सांगू लागला, तर तुम्ही म्हणाल, गृहस्थाला जरा ऊन लागलेले दिसते. मला ऊन लागलेले नाही. मासा पाण्यात बुडून मेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि सांगावयास लाज वाटते, पण त्याला बुडविणारा मीच होतो.

ही गोष्ट 1979 सालची. त्या वेळी मी पूर्व आफ्रिकेत, केनिया देशातल्या किसुमू गावी एका माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवीत होतो. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे गाव. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो, फार तर लोणार. हे तसले नव्हे. जवळजवळ आपल्या सबंध मराठवाड्याएवढा त्याचा विस्तार.

त्या सरोवरात आणि भोवतालच्या दलदलीत एक मासा सापडतो. तिथले लुओ लोक त्याला 'कामोंगो' म्हणतात. आपल्या शास्त्रीय पुस्तकांत त्याच्या गोताला फुप्फुसमीन असे नाव आहे. दिसावयास हा काही देखणा नाही. वाम माशासारखे लांबट अंग, राखी-तपकिरी रंग, त्यावर गडद ठिपके, बारीक डोळे. आणि इतर माशांना जिथे पंख्यासारखे पर असतात, तिथे याला लोंबत्या चार वाद्या. ओल्या मातीत कोणाचा तरी चाबूक पडला आहे, असे नवख्याला वाटावे. पलीकडे युगांडात बागांडा लोकांच्या एका मोठ्या कुळाचे हा मासा म्हणजे देवकच आहे म्हणा ना. त्या कुळातला माणूस तो खात नाही. किसुमूकडे मात्र तो बाजारात तुकडे करून विकावयास येई.

आता माझे ऐका. या माशाची माहिती मला नव्हती असे नाही. बी.एस्सी.ला मला त्याच्यावर प्रश्न आला होता. आकृती काढून, फुप्फुसांकडे बाण दाखवून मी उत्तर लिहिले होते आणि गुणही चांगले पडले होते. तेव्हा किसुमूला गेल्यावर वाटले, पुस्तकातला हा प्राणी इथे दारात आहे, तर मुलांना जिवंत का दाखवू नये? चौकशी करता कळले की होमा बे नावाच्या गावी एका कोळ्यापाशी लहानसा, हातभर लांबीचा मासा जिवंत आहे. एका मित्राची गाडी घेऊन आम्ही गेलो. दूधवाले वापरतात तसला झाकणाचा उभा कॅन मी बरोबर नेला होता. रस्ता खाचखळग्यांचा, तीन तासांचा. पाणी हिंदकळून माशाला इजा होऊ नये म्हणून मी कॅन तोंडापर्यंत, अगदी काठोकाठ भरला, मासा आत सोडला आणि झाकण दाबून बसविले.

तो कोळी मला काहीतरी सांगत होता. मला लुओ येत नव्हती आणि माझी स्वाहिली त्या वेळी भाजी घेण्यापुरती होती. तो एक ओले गोणपाट पुढे करून, 'म्वालिमू, म्वालिमू' म्हणजे 'गुरुजी, गुरुजी' असे म्हणत होता. मला वाटले, गोणपाटही विकावयाचे आहे. मी हात हलवून नको म्हटले.

किसुमूला पोचल्यावर झाकण काढले. मासा वरच होता. तोंड झाकणाच्या पत्र्याला लावून उभा, अंग सैल. मेलेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो मुलांसमोर फाडून दाखविला. पाठीच्या कण्याखाली दोन लांब फुप्फुसे होती, पिशव्यांसारखी, आतून जाळीदार. मुले पाहत होती. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, याला फुप्फुसे असतात हे तुम्हांला ठाऊक होते ना? मग तुम्ही कॅन भरला का?"

श्रोतेहो, पुष्कळ वर्षे शिक्षकी केली, पुष्कळ प्रश्न ऐकले. याच्यासारखा दुसरा आठवत नाही. मला ठाऊक होते आणि तरी मी भरला. उत्तरपत्रिकेत बाण काढणारा हात एक आणि कॅन भरणारा हात दुसरा, अशी माझी अवस्था झाली होती. त्या निरक्षर कोळ्याच्या हाताला जे कळत होते, ते माझ्या हाताला कळत नव्हते. मी मुलाला एवढेच म्हटले की माझी चूक झाली.

आता हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगतो. शिक्षक बंधूभगिनींना कदाचित उपयोगी पडेल. सर्वसाधारण मासा कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पण दलदलीचे, साचलेले, पालापाचोळा कुजलेले पाणी घ्या. त्यात प्राणवायू फार थोडा. अशा पाण्यात राहणाऱ्या काही माशांनी वरची हवा घ्यावयाची सवय लावून घेतली. आफ्रिकेतला फुप्फुसमीन या बाबतीत इतका पुढे गेला आहे की त्याचे कल्ले आता नावापुरतेच आहेत. मोठ्या माशाला लागणारा प्राणवायू दहांतला नऊ हिस्से वरच्या हवेतून मिळतो. गंमत अशी की शरीरातून बाहेर टाकावयाचा कर्बवायू मात्र तो बराचसा कल्ल्यांतून आणि कातडीतून पाण्यातच सोडतो. म्हणजे एक हात हवेत आणि एक हात पाण्यात. वर येऊ दिले नाही, तर तो माणसासारखाच गुदमरतो. मी केले ते हेच.

जगात या गोताचे मासे आता सहाच जातींचे उरले आहेत. चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलियातला सर्वांत जुन्या वळणाचा. त्याला फुप्फुस एकच, कल्ले चांगले आणि अंगावर मोठाली खवले. तो हवेवाचून बराच काळ काढतो. त्याच्या शोधाची हकीकत मोठी मजेची आहे आणि तिचा एक धागा आपल्या नागपुरापर्यंत येतो.

गेल्याच्या मागच्या शतकात नागपुरास स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री होते. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात प्रसिद्धच आहे. धर्मकार्याबरोबर त्यांना दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा नाद. नागपूरच्या दक्षिणेस, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आज तेलंगणात असलेल्या मालेरी गावाच्या आसपास लाल मातीत काही चमत्कारिक दात सापडले. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कंगोरे असलेल्या पट्ट्या. भूविज्ञान खात्याच्या ओल्डहॅम साहेबांनी 1859 साली त्यांचे वर्णन छापले आणि त्यातल्या एका जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले. 'सेराटोडस' नावाच्या, केव्हाच नष्ट झालेल्या माशाचे हे दात, असे त्या वेळी सर्वांचे मत. वीस कोटी वर्षांहून जुने.

आणि 1870 साली सिडनीच्या संग्रहालयातले क्रेफ्ट यांच्यापुढे क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीतला एक मासा आला. तिकडचे शेतकरी तो खुशाल जेवणात खात असत. क्रेफ्टनी त्याचे तोंड उघडून पाहिले, तो काय! आत त्याच कंगोऱ्यांच्या पट्ट्या. दगडात सापडणारे दात ताज्या माशाच्या तोंडात. आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात हे मासे एके काळी नांदत होते, आपल्याकडचे गेले, तिकडचे राहिले, एवढाच फरक. चार पायांच्या प्राण्यांना, म्हणजे बेडकापासून तुमच्याआमच्यापर्यंत सर्वांना, आज हयात असलेल्या माशांपैकी सर्वांत जवळचा नातेवाईक हाच, असे आता जनुकांच्या अभ्यासावरून ठरले आहे. 2011 साली शिकागोच्या संशोधकांनी आफ्रिकेतला एक फुप्फुसमीन टाकीच्या तळावर मागच्या दोन वाद्या आळीपाळीने टेकीत चालताना चित्रित केला. मी तो प्रकार रोज पाहत होतो. पण मला वाटे, बिचारा सरपटतो आहे. पाहणे आणि पारखणे यांत अंतर असते ते असे.

दुसरा मासा मला 1980 मध्ये मिळाला. किसुमूजवळ कानो नावाचे सपाट मैदान आहे, भातशेतीचे. पुराचे पाणी ओसरताना एका विद्यार्थ्याच्या वडिलांना तो शेताच्या चरात सापडला. मुलाने बादलीच्या तळाशी चार बोटे पाणी ठेवले, वर ओले गोणपाट टाकले आणि सायकलवरून आणला. गोणपाट पाहून मला होमा बेचा कोळी आठवला. मासा एवढा-एवढासा, वीतभर. तो माझ्याकडे सहा वर्षे राहिला.

पाळावयाचे म्हणजे काय करावे लागते, ते आता सांगतो. यात माझ्या चुकाही आल्याच.

आरंभी तीन फुटी काचेची टाकी घेतली. उंच टाकीचा मोह नको. याला लांबी-रुंदी हवी, खोली नको. कारण तळाशी पडून राहणारा हा मासा दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतो आणि लहान पिलाला तो प्रवास सोपा असावा. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये वीतभर हवा मोकळी ठेवावी. थंड मुलुखात ही हवासुद्धा उबदार राहील असे झाकण लागते, कारण पाणी ऊन आणि वरची हवा गार झाली तर त्याच्या फुप्फुसाला ती बाधते. किसुमू विषुववृत्तावरच असल्यामुळे मला ती काळजी नव्हती. युरोप-अमेरिकेत हौशी लोक पश्चिम आफ्रिकेकडची जात पाळतात. ते पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवण्यासाठी विजेची कांडी वापरतात आणि तिच्याभोवती जाळीचे वेष्टन घालतात. कारण हा मासा उबेसाठी कांडीला बिलगतो आणि भाजून घेतो.

तळाशी बारीक, गोल वाळू. अणकुचीदार दगड नकोत. झाडे लावण्याचा खटाटोप मी दोनदा केला. दोन्ही वेळा सकाळी झाडे वर तरंगताना सापडली. तो नाद सोडला आणि मातीच्या नळाचा एक तुकडा लपण्यासाठी ठेवला. तो त्याला मानवला.

टाकीत दुसरा मासा ठेवावयाचा नाही. याचा अर्थ दुसराच नव्हे, त्याच्याच जातीचासुद्धा नाही. दोन फुप्फुसमीन एकत्र ठेवले की एकाच्या वाद्या किंवा शेपटीचे टोक दुसऱ्याच्या तोंडात जाते. तुटलेला पर पुन्हा वाढतो खरा. पण पुन्हा वाढतो म्हणून तोडू द्यावा काय?

खाण्याचे म्हणाल तर गांडुळे, माशाचे लहान तुकडे आणि गोगलगायी. गोगलगायी त्याला फार प्रिय. त्या मी सरोवराच्या काठावरून आणीत असे, पण गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. कारण तिथल्या काही गोगलगायींतून बिलहार्झिया नावाचा रोग पाण्यातून माणसाला होतो. खाण्याची त्याची तऱ्हा पाहण्याजोगी. घास ओढून घ्यावयाचा, चावावयाचा, बाहेर काढावयाचा, पुन्हा आत घ्यावयाचा. दात पडलेले आजोबा भाकरीचा तुकडा घोळवितात, थेट तसे. पण आजोबांचे दात पडलेले आणि याच्या जबड्यात त्याच त्या कंगोऱ्यांच्या धारदार पट्ट्या! एकदा कौतुकाने मी हातातून गांडूळ दिले. गांडूळही गेले आणि माझ्या तर्जनीचे अर्धे नखही गेले. त्या दिवसापासून लाकडी चिमटा.

पहिल्या वर्षी रोज थोडे खाणे दिले, पुढे आठवड्यातून तीन वेळा. अधिक दिले तर तो खातो, पण मग शिळा तुकडा वाळूत कुजतो आणि पाणी बिघडते. पाणी बिघडल्याचे हा मासा लवकर सांगत नाही, आणि माझ्या मते पाळणाऱ्याला सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. दुसरा एखादा मासा घाण पाण्यात तडफडतो, मरतो, आपल्याला कळते. हा पडून राहतो. वरची हवा घेतो, उपास काढतो, कातडीवर पांढरे डाग येईपर्यंत बोलत नाही. 'हा काटक मासा आहे, काही करावे लागत नाही' असे जे म्हणतात, त्यांच्या घरची टाकी मला पाहवणार नाही. मी दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलीत असे. नळाचे पाणी आदल्या रात्री पिंपात भरून ठेवावयाचे, म्हणजे त्यातल्या क्लोरीनचा जोर जातो.

झाकणाचे एक राहिले. दुसऱ्या वर्षी तो दीड हाताचा झाला, तेव्हा गावातल्या गवंड्याकडून पडवीत सिमेंटचा हौद बांधून घेतला. सात फूट लांब, अडीच फूट रुंद, पाणी फूटभर. वर लाकडी चौकटीला तारेची जाळी. एके दिवशी सकाळी माझ्या पत्नीची हाक आली, "अहो, तुमचा विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर आलाय." पाहतो तर जाळी एका कोपऱ्यात उचललेली आणि मासा चपलांच्या फळीखाली, धुळीने माखलेला. रात्री केव्हा पडला असेल कोण जाणे. उचलला, ओल्या फडक्याने पुसला, पाण्यात सोडला. दोन दिवस रुसल्यासारखा पडून राहिला, तिसऱ्या दिवशी जेवला. जाळीवर चार विटा आल्या. पत्नीला तो पहिल्यापासून पसंत नव्हता. रात्रीच्या शांततेत तो हवा घेतो तेव्हा 'हुस्स' असा सुस्कारा ऐकू येतो, आणि पडवीत झोपलेला पाहुणा उठून बसतो. पण मी परगावी गेलो की रविवारचे पाणी तीच बदलीत असे.

मुलांनी एक वही केली होती. दोघे-दोघे येऊन घड्याळ लावून बसत आणि दोन श्वासांमधले अंतर लिहीत. कधी तीन मिनिटे, कधी दहा. पोट भरलेले असले की वरचेवर. त्या वहीने जे शिकविले, ते माझ्या फळ्यावरच्या आकृतीने शिकविले नव्हते.

मग मुलांनी हट्ट धरला, याला झोपवून पाहू या. ही झोप म्हणजे फुप्फुसमीनाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. उन्हाळ्यात दलदल आटू लागली की आफ्रिकेतला हा मासा चिखलात तोंडाने बीळ करतो, आत अंगाचे वेटोळे करून बसतो आणि अंगातून चिकट स्राव सोडतो. तो वाळून त्याच्याभोवती कागदासारखा कोश तयार होतो. कोशाला तोंडापाशी एकच छिद्र, तेवढ्यातून श्वास. असा तो पुढचा पाऊस येईपर्यंत पडून राहतो; प्रयोगशाळेत तर मासे वर्षानुवर्षे असे जगलेले आहेत. पश्चिम आफ्रिकेत लोक वाळलेल्या चिखलातून हे मासे खणून काढतात. होमर स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच व्हिक्टोरिया सरोवरातले मासे अभ्यासून 1930 च्या सुमारास दाखवून दिले की पाण्यात असताना हा मासा अमोनिया बाहेर टाकतो, पण झोपेत अमोनिया साठला तर विष होईल म्हणून त्याचे युरियात रूपांतर करून तो शरीरातच साठवून ठेवतो. तुमच्या शेतात पोत्यातून येतो तोच पदार्थ, बरे का! त्यांनी 1932 साली या माशावरून एक पुस्तकही लिहिले, 'कामोंगो' याच नावाचे. आणि 2021 साली असे आढळले की तो कोश नुसता वाळलेला शेंबूड नव्हे. त्यात रोगजंतूंना धरून मारणाऱ्या जिवंत पेशी असतात.

हे सगळे खरे. तरी मी मुलांना नाही म्हटले. कारण त्या झोपेत मासा काही खात नाही. तो आपलेच मांस जाळून जगतो. उठतो तेव्हा हाडकुळा उठतो, आणि चिखल चुकीचा, ओलावा कमी-जास्त, अंगात चरबी-मांस पुरेसे नाही, असे काही झाले तर उठतच नाही. दुष्काळात माणसेही कंदमुळे खाऊन तगून राहतात. म्हणून घरी भाकरी असताना कोणी पोराला कंदमुळे खावयास लावून गंमत पाहत नाही. मुले थोडी हिरमुसली. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता वरच्या वर्गात गेला होता, तो म्हणाला, "गुरुजी कॅन भरणार नाहीत." त्याने टोमणा मारला की शाबासकी दिली, मला आजतागायत कळलेले नाही.

या माशाचे आयुष्य फार मोठे. शिकागोच्या शेड मत्स्यालयात 1933 साली ऑस्ट्रेलियाहून एक फुप्फुसमीन आणला होता. त्याचे नाव 'ग्रँडडॅड', म्हणजे आजोबा. तो तिथे 2017 पर्यंत, चौऱ्याऐंशी वर्षे राहिला. त्याला आणणारे, त्याला पहिला घास देणारे, सगळे त्याच्या आधी गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात 1938 साली आलेल्या 'मेथुसेला'चे वय 2023 मध्ये डी.एन.ए. तपासून काढले, ते ब्याण्णवच्या आसपास निघाले. तिला अंजिरे आवडतात, तीसुद्धा ताजीच. हे मोठ्या संस्थांचे झाले. पण दुकानातून वीतभराचे पिलू घरी आणणाऱ्याने स्वतःला विचारावयास हवे, दहा वर्षांनी हा दोन-अडीच फुटांचा होईल तेव्हा माझे घर कुठे असेल आणि मी कुठे असेन?

मला ते विचारावे लागले 1986 मध्ये. नोकरीचा करार संपला, देशी परतावयाचे ठरले. मासा तीन फुटांच्या वर गेला होता. सामानाची यादी झाली, भांडी वाटली, सायकल विकली. मासा राहिला. एक-दोघांनी विकत मागितला. कशासाठी ते मी विचारले नाही, कारण त्यांच्याकडे हौद नव्हता, चूल होती. शेजारच्या एका गृहस्थांनी सुचविले की पिंपात घालून मुंबईला न्या, तिथल्या मत्स्यालयाला द्या. मी नको म्हटले. त्याचे कारण मी रोज बाजारात पाहत होतो. 1950 नंतरच्या काळात बाहेरचा एक मासा, नाईल पर्च, या सरोवरात आणून सोडला गेला. बरीच वर्षे काही वाटले नाही. आणि मी तिथे असतानाच तो असा काही माजला की बाजारात दरवर्षी लहान माशांचे वाटे कमी होत गेले आणि मणामणाचे पर्च तेवढे दिसू लागले. सरोवरातल्या शेकडो लहान जाती गेल्या. आपल्याकडेही आफ्रिकेतला मोठा मागूर असाच शिरला, तळ्यातले बाकीचे मासे खाऊ लागला आणि शेवटी सरकारला त्याच्या पैदाशीवर बंदी घालावी लागली. तेव्हा परमुलुखातला जीव आपल्या पाण्यात येऊ न देणे बरे. हौसेने आणलेला मासा जड झाला की लोक तो विहिरीत नाही तर नदीत सोडतात. तसे कृपा करून कोणी करू नये.

मी त्याला कानोच्या मैदानापलीकडे, न्यांडो नदी सरोवराला मिळते तिथल्या दलदलीत नेले. तो त्याच पाण्याचा. बादली नाही, पिंप नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन. बरोबर दोन मुले होती आणि ती वही होती. काठाला पपायरसचे उंच लव्हाळे. गोणपाट उलगडले, मासा उथळ पाण्यात थोडा वेळ पडून राहिला, मग वाद्या हलवीत लव्हाळ्यांत गेला. मुलांनी सवयीने घड्याळ लावले. नऊ मिनिटांनी आतल्या बाजूला कुठेतरी 'हुस्स' झाले. एका मुलाने ते लिहून घेतले.

आता आपल्याकडच्या शिक्षकांसाठी थोडे. फुप्फुसमीन पाहावयास मिळाला नाही म्हणून अडून बसू नका. आपला मरळ मासा घ्या. त्याला फुप्फुसे नाहीत, पण डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याची एक पोकळी आहे आणि तोही दर काही मिनिटांनी वर येऊन श्वास घेतो. म्हणून तर उन्हाळ्यात तळे आटले तरी तो चिखलात तग धरतो आणि बाजारात घमेल्यात दोन बोटे पाण्यात दिवसभर जिवंत राहतो. मासळी विकणाऱ्या मावशींना विचारा, त्या तुम्हांला माझ्याहून अधिक सांगतील. आणि त्या काही दाखवीत असल्या, तर मी होमा बेला केले तसे करू नका.

शाळेत एक लांबट टाकी असेल तर वीतभर लांबीचा एकच मरळ ठेवावा. नळाचे पाणी असेल तर रात्रभर उघडे ठेवून मग घालावे. गांडुळे, लहान कोळंबी खाऊ घालावी. मुलांच्या जोड्या लावून श्वासांच्या वेळा लिहावयास सांगाव्यात. सकाळी आणि दुपारच्या उन्हात काय फरक पडतो तो पाहावा. वर येऊ दिले नाही तर काय होते, हा प्रयोग मात्र करू नये. तो मी एकदा केलेला आहे. सुट्टी लागली की तो ज्या तळ्यातून आणला असेल त्याच तळ्यात नेऊन सोडावा. आणि मरळ उंच उडी मारतो, तेव्हा टाकीवर जाळीचे झाकण हवे, झाकणावर वीट हवी, आणि झाकणाखाली चार बोटे तरी हवा.